हिंमतदादाने निवडलेलं तेल

गिअरबॉक्समधलं तेल बदलायचं असलं तर आधी वरचा नट उघडायचा, मग खालचा. वरच्यातून तेल भरतात, खालच्यातून काढतात. खालचा आधी उघडलात, तेल सगळं निघून गेलं आणि मग वरचा गंजून बसलेला निघाला, तर गाडी तिथंच अडकते. गेल्या महिन्यात माझी नात अश्विनी तिच्या गाडीखालच्या खड्ड्यात उतरली आणि तिने पाना सरळ खालच्या नटाला लावला, तेव्हा मी वरून म्हणालो, "आधी वरचा."

"का, आबा?"

मी कारण सांगितलं. "आ तो व्हिडिओमां कोई बोल्युंज नथी," ती खालून पुटपुटली. सुरतेत जन्मलेली पोर. कामात गुंतली की तिचं मराठी गळून पडतं आणि गुजराती वर येतं. मग मला म्हणाली, "तुम्हाला कोणी शिकवलं हे?"

"होता एक माणूस," मी म्हणालो.

होता म्हणालो. तो आहे. सुरतेतल्या आमच्या लिंबायतपासून तासाभराच्या अंतरावर, बारडोलीत आहे. हिंमतदादा त्याचं नाव. तीस वर्षांहून अधिक काळ त्याला एक गोष्ट माहीत नव्हती, आणि ती मला माहीत होती. मी त्र्याहत्तर वर्षांचा, तो ऐंशीला टेकलेला. आमच्यापैकी एक आधी जाणार, आणि उरलेल्याला त्या गोष्टीचं काहीच करता येणार नाही, हे मला कळत होतं. तरी मी 'होता' म्हणून मोकळा झालो.

खड्ड्यातून गरम तेलाचा वास वर आला. अश्विनीने गाडी आधी पर्वत पाटियापर्यंत फिरवून आणली होती, तेल गरम व्हावं म्हणून. तेही मीच सांगितलं होतं. गरम तेल पातळ होतं, तळाशी बसलेला गाळ सोबत घेऊन उतरतं. ज्याने हा वास एकदा नाकात साठवला, त्याला तो पेट्रोलच्या, ग्रीसच्या, गर्दीच्या वासातून वेगळा काढता येतो. थोडा लोखंडाचा, थोडा जळक्या लसणीचा. मी खड्ड्याच्या काठावर स्टुलावर बसलो होतो. हिंमतदादाच्या आणि माझ्या जुन्या गॅरेजच्या शेडमध्ये आता साड्यांवर टिकल्या चिकटवायचं काम चालतं. पत्र्याखालची पुढची जागा आणि हा खड्डा, एवढं अजून माझ्याकडे आहे. आतून बायकांचं बोलणं ऐकू येत होतं, डिंकाचा वास येत होता. तेल धार धरून खालच्या तसराळ्यात पडत होतं, आणि त्या आवाजाबरोबर मी हळूहळू मागे गेलो.

मी मूळचा शिरपूरकडचा. सुरतेत आलो तो लूमवर, कापडाच्या यंत्रमागांवर. त्या वेळी लिंबायतच्या प्रत्येक गल्लीला स्वतःची खटखट असायची. अनोळखी माणसाला ती एकच वाटायची. आम्हाला डोळे मिटून सांगता यायचं की ही कुणाच्या खात्याची, कुणाच्या कारखान्याची. घरात बोलायचं तर वरच्या पट्टीत, आणि सुट्टीच्या दिवशी लूम बंद असले की लेकरं दचकून उठायची. मी लूम दुरुस्त करायचो. आमच्या कामात एक शहाणपण होतं, बापाने मुलाला द्यावं तसं एकाने दुसऱ्याला दिलेलं: लूम आवाज करतो, जाड तेल घाल. दाते झिजलेत, जाड तेल घाल. आवाज दबला म्हणजे यंत्र बरं झालं. मालक आत येऊन कान द्यायचा, मान हलवायचा, आणि त्या दिवशी मी चांगला कारागीर ठरायचो.

हिंमतदादा शिंदखेड्याकडचा. तो कधी लूमवर बसला नाही. ट्रक दुरुस्त करत करत गाड्यांकडे आला, आणि ही शेड त्याने घेतली तेव्हा सोबतीला मला बोलावलं. माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठा. मला नावाने कधी हाक मारली नाही; कायम 'भो'. मी लूम सोडून आलो, पण लूमचं शहाणपण माझ्याबरोबर आलं. पहिल्याच आठवड्यात एका जीपचा गिअर कुरकुरत होता, म्हणून मी ड्रममधलं जाड तेल काढायला गेलो. दादाने माझं मनगट धरलं.

"आरे भो, काय करी ऱ्हायना तू?"

"आवाज करते."

"करू दे. तिचा आवाज आहे तो, तुझ्या कानाला दुखतो म्हणून तिला औषध कशाला?" मग मला जवळ बसवून म्हणाला, "तेल आपल्याला काय वाटतं ते बघून नाही निवडायचं. आतल्या पितळेले इचार."

गिअरबॉक्सच्या पोटात पितळेच्या कड्या असतात. एक गिअर सोडून दुसरा पडताना दोन चाकांचा वेग त्या जुळवून देतात. दादा म्हणायचा, लग्नातले मध्यस्थ आहेत ते. दोन्ही बाजूंचं ऐकतात आणि स्वतः झिजतात. लोखंडाला जे तेल मानवतं, ते पितळेला मानवेलच असं नाही. मागच्या चाकांच्या गिअरसाठी जे जाड तेल येतं, त्यात गंधकासारखं काही घातलेलं असतं. ते लोखंडाला भार सोसायला मदत करतं आणि पितळ काळं करून टाकतं. शिवाय कड्यांना जरा धरही लागतो. तेल फार जाड असलं की कडी नुसती घसरते.

हे त्याला कुठल्या पुस्तकाने सांगितलं नव्हतं. त्याने स्वतःच बघितलं होतं. शेडच्या पत्र्यावर त्याच्या बाटल्यांची एक ओळ असायची. खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या. प्रत्येकीत वेगवेगळं तेल आणि त्यात एकेक पितळेचा तुकडा: तुटलेली कडी, नळाचा नट, एकदा तर वहिनींच्या देवघरातली घासून पातळ झालेली पळीसुद्धा. बाटलीच्या गळ्याला चिंधी बांधलेली. लाल चिंधी या तेलाची, हिरवी त्या तेलाची. वैशाखात पत्रा असा तापायचा की पाणी टाकलं तर चर्रर व्हायचं. पंधरा दिवस बाटल्या त्या उन्हात राहायच्या. मग दादा एकेक खाली काढायचा, तुकडा बोटांत धरून उजेडाकडे फिरवायचा. काळा पडला, तर ते तेल गिअरबॉक्सला नाही. सोन्यासारखा राहिला, तर चालेल.

त्या उन्हाळ्यांचे वास मला अजून वेगळे सांगता येतात. सकाळी डाईंगच्या गिरण्यांची वाफ, ओल्या कपड्याची, रंगाची. दुपारी पत्र्याखाली रबर आणि घाम. चारच्या सुमारास समोरच्या गाड्यावर लोचो उघडला की बेसनाची वाफ आणि कच्चा कांदा. पावसाळ्यात खाडीचं पाणी शेडमध्ये घोट्यापर्यंत यायचं, आणि त्यावर तेलाचे सात रंग तरंगायचे. दादा पायजमा गुडघ्यापर्यंत वर करून त्यातच उभा राहायचा आणि म्हणायचा, "बघ, आपल्याकडे आखा सप्तरंग शे." थंडीत तेल गोठल्यासारखं व्हायचं, मग डबा शेगडीजवळ ठेवायचा आणि आम्ही दोघं त्याच्या दोन्ही बाजूंना हात शेकत बसायचो. बोलणं फारसं नसायचं. बोटावर एक थेंब घेऊन तो अंगठ्याने चोळायचा, हुंगायचा, आणि सांगायचा: हे जुनं आहे, यात पाणी शिरलंय, यात कुणीतरी भेसळ केलीय. तो चुकल्याचं मला आठवत नाही. सुरतेच्या दुसऱ्या टोकाचे मिस्त्री माणूस पाठवून त्याच्याकडे तेलाची बाटली हुंगायला द्यायचे.

मग ती लाल गाडी आली.

कापडाच्या एका व्यापाऱ्याचा मुलगा, जिगर, तिचा मालक. परदेशातून आणलेली, दोन दारांची, इतकी बुटकी की लिंबायतच्या प्रत्येक बम्पवर तिचं पोट घासायचं. जिगर तिला डोंगरातल्या वळणांच्या शर्यतीला न्यायचा. ती गल्लीत शिरली की बायका ओट्यावर यायच्या. तिचं इंजिन नुसतं उभं असतानाही दम धरून असल्यासारखं वाटायचं. दादाने तिच्या तेलासाठी जी तयारी केली, ती मी दुसऱ्या कुठल्या गाडीसाठी पाहिली नाही. सहा बाटल्या पत्र्यावर चढल्या. शेवटी मुंबईहून मागवलेलं एक हलकं तेल त्याने निवडलं. मधासारखा रंग, पण मधाहून कितीतरी पातळ. बोटावर घेतलं तर मनगटापर्यंत पळायचं. वास जवळजवळ नाहीच. त्याचे दोन डबे त्याने फळीवर ठेवले, जाड तेलाच्या ड्रमच्या अगदी शेजारी. जागाच तेवढी होती.

ज्या सकाळी त्याने ते तेल भरलं, त्याच सकाळी गावाहून निरोप आला, आईचं जास्त आहे. दादाने हातातलं काम पुरं केलं. वरच्या भोकातून तेलाची बारीक धार बाहेर यायला लागेपर्यंत भरलं, धार थेंबांवर येईपर्यंत थांबला, नट कसला, हात पुसले आणि स्टेशनकडे गेला. मी तिथं नव्हतो. मी पार्ट आणायला गेलो होतो. तो भरताना कुणीच पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी जिगर आला. "काका, आवाज करे छे," म्हणाला. मी चालवून पाहिली. खरंच, तिसऱ्या गिअरला एक बारीक सूर होता, डासासारखा. आज मला कळतं, हलक्या तेलात तसा सूर असतोच, तो काही दुखणं नव्हे. पण दादा नव्हता. समोर शेठचा मुलगा कान देऊन उभा होता, आणि माझ्यातला लूमचा कारागीर जागा झाला. मी म्हणालो, दुपारी या.

तो गेल्यावर मी दादाचं तेल काढलं आणि ड्रममधलं जाड तेल भरलं. सूर गेला. गाडी अशी गप्प झाली की मला स्वतःचा अभिमान वाटला. जिगरने विचारलं, "शुं कर्युं?" मी म्हणालो, "काही नाही, एक नट कसला."

दादाचं तेल फेकून द्यायला मन झालं नाही. एका दिवसाचं, काचेसारखं स्वच्छ. मी ते त्याच्याच दोन डब्यांत परत भरलं, झाकणं दाबली आणि डबे फळीवर होते तसे ठेवले.

तो परत आला डोकं भादरलेला. आई गेली होती. तेराव्यानंतर पहिल्या दिवशी शेडमध्ये आला तेव्हा जिगर गाडी घेऊन आला होता. म्हणाला, काका, जरासुद्धा आवाज नाही. दादाच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी काही उजळलं. म्हणाला, "बघ भो, तेल बसलं." त्या क्षणी बोलायला हवं होतं. मी त्याच्याकडे बघितलं आणि वाटलं, आज नको. आज त्याला हे एवढं सुख राहू दे. माझ्या गप्प राहण्याची सुरुवात अशी मायेने झाली, आणि नंतर तिच्यात माया उरली नाही.

दोन महिन्यांत गिअर अडकू लागले. सकाळी कडक जायचे, मग घासून जायचे, मग तिसरा पडेनाच. आम्ही गिअरबॉक्स उतरवला. दादाने खालचा नट सोडला आणि तेल आलं ते जाड, काळपट, लसणीच्या वासाचं. त्याने बोट लावलं, हुंगलं, आणि बराच वेळ बोट नाकाशी तसंच धरून राहिला. कड्या काढल्या, काळ्या ठिक्कर, दाते गेलेले. जिगर होता, त्याचे वडील होते, शेजारच्या दोन गॅरेजांतली माणसं बघायला आली होती. दादा उठून फळीपाशी गेला. त्याने आपला डबा उचलून पाहिला. भरलेला. दुसरा उचलला. तोही भरलेला.

मग तो वळला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "चूक मन्ही शे. त्या दिवशी आईचा निरोप आला होता. डोकं ठिकाणावर नव्हतं. शेजारच्या ड्रममधलं ओतलं मी."

मी त्याच्यापासून हातभर अंतरावर होतो. माझ्या हातात बॅटरी होती, तिचा उजेड मी त्या काळ्या कड्यांवर धरून ठेवला होता. तो तसाच धरून ठेवला.

कुणी त्याला शिव्या दिल्या नाहीत. जिगरच्या वडिलांनी तर त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तेच वाईट झालं असावं. दुसऱ्या दिवशी दादाने पत्र्यावरच्या बाटल्या खाली काढल्या आणि कचऱ्यात टाकल्या. मग तो प्रत्येक गाडीचं तेल भरायच्या आधी मला हाक मारायला लागला. "भो, बघ रे, हेच ना?" मी बघायचो. म्हणायचो, हो दादा, हेच. ज्याने आख्ख्या सुरतेचं तेल हुंगलं, तो मला विचारत होता. दिवाळीच्या आधी त्याने शेड सोडली आणि बारडोलीच्या साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये लागला. ट्रॅक्टर धुणं, चाकं बदलणं, ग्रीस भरणं. शेड माझ्याकडे राहिली. माझं त्यातच सगळं झालं: पोरांची लग्नं, घर, अश्विनीचं शिक्षण.

"आबा," अश्विनीने खड्ड्यातून हात वर केला. "आमां तो चार जातनां ऑइल बतावे छे. कोणतं भरू?" तिच्या फोनवर आकडे होते, अक्षरं होती. आज सगळं डब्यावर छापलेलं असतं; पितळेला चालेल की नाही हेसुद्धा. मी तिला योग्य ते सांगितलं. तिने नळीने भरलं, धार आली, थेंब आले, नट कसला. मी म्हणालो, "पोरी, उद्या मला बारडोलीला नेशील?"

"शेना माटे? कशाला?"

"एक माणूस आहे," मी म्हणालो.

उसाच्या गाड्यांच्या मागे मागे आम्ही गेलो. कारखाना यायच्या आधी मळीचा वास येतो, गोड आणि आंबट, तो गाडीत भरला. दादाचं घर दोन खोल्यांचं, पुढे फरशीचा ओटा. तो ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता. मी ओळखलं ते खांद्यांवरून. बाकी सगळं लहान झालं होतं.

"कोन शे?"

"मी, दादा."

तो बघत राहिला. "आरे भो. टक्कल पडलं की तुला."

"तुला नाही पडलं."

"मी डोकं वापरलं नाही ना," तो म्हणाला आणि हसला. "बठ."

कमलवहिनी आतून आल्या. एका हातात पाण्याचा पेला, दुसऱ्या तळव्यावर दोन गोळ्या. दादाने त्या बोटाने वेगळ्या केल्या आणि विचारलं, "ही जेवणानंतरचीच ना?" वहिनी म्हणाल्या, "हो." त्याने पुन्हा विचारलं. त्या पुन्हा हो म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "असं आहे भाऊ. गॅस बंद केला तरी मला दाखवून बंद करतात."

अश्विनी गाडीला टेकून उभी होती. दादाने मान वळवून गाडी न्याहाळली. "चांगली आहे. तेल कोणतं घातलंस गिअरला?" तिने आकडा सांगितला, आणि बदललं कसं तेही. "आबांनी सांगितलं तसंच केलं," म्हणाली.

"मग बरोबर असेल," दादा म्हणाला. "मला नको विचारू, पोरी. मी एकदा फार भारी गाडी खराब केलीये. माझी आई आजारी होती. हलकं तेल भरायचं, मी जाड भरलं. तुझे आबा होते तिथं, विचार त्यांना."

तिने माझ्याकडे पाहिलं. वाटभर मी वाक्यं जुळवत आलो होतो, ती सोडून दिली.

"दादा, ते तेल मी भरलं होतं."

"तू कसं भरशील? मीच भरलं. तू पार्ट आणायला गेला होता."

"तू हलकंच भरलं होतं. बरोबर भरलं होतं. दुसऱ्या दिवशी जिगर आला, आवाज येतो म्हणाला. मी तुझं तेल काढलं आणि जाड भरलं."

तो हसल्यासारखं करून थांबला. "डबे भरलेले होते रे."

"मीच परत भरले."

"गाळून?"

"गाळून. साडीच्या तुकड्यातून."

"दुहेरी करून?"

"दुहेरी."

"हं," तो म्हणाला. "मग कळणार कसं."

रस्त्यावरून उसाचा एक ट्रॅक्टर गेला, त्याच्या मागच्या दोन ट्रॉल्या खडखडत गेल्या. दादाची बोटं मांडीवर हलत होती, अंगठा तर्जनीवर फिरत होता. मग त्याने विचारलं, "बोलला का नाही?"

"पहिल्या दिवशी तू खूश होतास म्हणून. मग तू चूक स्वतःवर घेतलीस, तेव्हा भ्यालो. सगळे होते. नंतर शेड मला मिळाली, दादा. मग बोलणं म्हणजे ती शेड हातात घेऊन उभं राहणं झालं असतं."

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. आत वळून हाक मारली, "कमल. बाहेर ये. बस इथं." वहिनी आल्या, उंबऱ्यावर बसल्या. दादा मला म्हणाला, "आखं सांग."

मी पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं अधिक अवघड गेलं. दादा डोळे मिटून ऐकत होता. मी एका ठिकाणी चाचरलो, तर म्हणाला, "थांब. मी भरलं ते हलकंच होतं, हे परत म्हण." मी म्हणालो. तो मान हलवत राहिला.

वहिनी आरडाओरडा करणाऱ्या नव्हेतच. त्या पदराला हात पुसत होत्या, हात कोरडे होते तरी. मग म्हणाल्या, "माझ्या सासूबाईंच्या तिथीला हे दर वर्षी एकच म्हणतात, भाऊ. आईने जाताना माझं डोकं बरोबर नेलं. दर वर्षी. पानावर बसलेले असताना."

"वहिनी..."

"आमच्या प्रकाशला लहानपणापासून इंजिनाचं वेड होतं. त्याने पाना उचलला की हे हातातून काढून घ्यायचे. म्हणायचे, आपल्या रक्तात हे काम नाही. तो आता कुठल्याशा दुकानात हिशोब लिहितो." त्या उठल्या. "चहा ठेवते. पोरीला भूक लागली असेल." चहा त्यांनी अश्विनीच्या हातात दिला, माझा कप ओट्यावर माझ्या शेजारी ठेवला.

चहा निवून वर साय आली. मग दादा स्वतःशीच बोलावं तसं म्हणाला, "मन्ही माय जाई ऱ्हायनी व्हती, आन् मी नीट काम करं." माझी आई जात होती, आणि मी काम नीट केलं. हे त्याने दोनदा म्हटलं. पहिल्यांदा आश्चर्याने. दुसऱ्यांदा त्याने उपरण्याने तोंड झाकलं. मी त्याच्या खुर्चीजवळ खाली बसलो. त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही, मला दूरही केलं नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "तुझे गुडघे दुखतील भो, वर बस."

निघताना वहिनी फाटकापर्यंत आल्या. अश्विनीच्या हातात पेरूंची पिशवी दिली. मग माझ्याकडे पहिल्यांदा सरळ बघून म्हणाल्या, "होळीला प्रकाश येतो. तुम्ही या. त्याच्यासमोर सांगा, ह्यांच्यासमोर सांगितलं तसंच. त्यांनी सांगून तो मानणार नाही. म्हणेल, बाबा मनाचं समाधान करून घेताहेत."

परतीच्या वाटेवर कडोदऱ्याच्या पुढे अश्विनी एकदा म्हणाली, "माझी कॉलेजची फी त्या शेडमधून गेली ना, आबा?" मी हो म्हणालो. तिने गिअर बदलला, अगदी हलक्या हाताने.

होळीला अजून सहा आठवडे आहेत. तोवर हे लिहून ठेवलं, कारण माझ्या वयात सहा आठवड्यांचा भरवसा देता येत नाही, आणि त्या दिवशी शेडमध्ये जी माणसं उभी होती, त्यांतली जी कुणी असतील त्यांनीही वाचावं. जिगरने वाचावं. लाल गाडीच्या गिअरबॉक्समध्ये हिंमतदादाने योग्य तेच तेल भरलं होतं. ते काढून चुकीचं मी भरलं, आणि त्याने दोष स्वतःवर घेतला तेव्हा मी गप्प राहिलो.

प्रकाशसमोर म्हणायचं ते एवढंच आहे. रोज सकाळी घरातली माणसं कामाला गेली की मी ते मोठ्याने म्हणून बघतो. हिंमतदादाचा भाग आता नीट येतो. माझ्या भागाशी आलो की आवाज अजून खाली जातो, आणि मला पहिल्यापासून सुरू करावं लागतं.